कवडीनं ठोकलेली बोंब

कोंबड्या माणसासारख्या बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. उकिरड्यामागं एक बोका बसायचा अन् कोंबड्यांच्या कोवळ्या पोरांना धोतऱ्याच्या बिया फुकट चारायचा. झिंगलेलं पोर पळतंय होय?

कवडी कोंबडीचा पोरगा तुरेबा रोज झोकांड्या खात घरी यायचा. तिचा जीव टांगणीला. पण शेजारणीला सांगायची, "ऊन बाधलंय गं त्याला."

शेजारीण म्हणायची, "माझ्याबी पोराला बाई."

एका सांजेला शेजारणीच्या पोराची नुसती पिसं सापडली, अन् तुरेबाचा पत्ता नाही. कवडी धापा टाकत राखणदार झिपऱ्या कुत्र्याकडं गेली. कानात म्हणाली, "बोका उकिरड्यामागं असतोय. हळूच जा, कुणाला कळू देऊ नको."

"काकू, मी एका अंगानं शिरलो की तो दुसऱ्या अंगानं पसार. अंडं घातलं की आळीभर बोंबलता, अन् पोरगं चाललं तर कुजबुजता?"

कवडीनं डोळे मिटले अन् बोंब ठोकली, "माझा तुरेबा धोतरा खातोय! बोका चारतोय!"

एकही खुराडं उघडलं नाही. कवडीनं पुन्हा बोंब ठोकली.

मग एका खुराड्यातनं आवाज आला, "माझाबी खातोय." मग दुसऱ्यातनं. मग सगळ्याच आया बाहेर पडून उकिरड्याकडं धावल्या.

तुरेबा बोक्याच्या पंजाखाली पेंगत होता. झिपऱ्या भुंकला तसा बोका त्याला टाकून पळाला. पण जिकडं तोंड काढावं, तिकडं एखादी आई चोच परजून उभी.