पंतोजींचं पहिलं चुकलेलं वाक्य

फार पूर्वी, टेकडीवरच्या एका गावात एक पंतोजी राहत होते. मुलांना शिकवण्यातून ते निवृत्त झाले होते. चुका काढण्यातून मात्र झाले नव्हते. देवळाची पाटी रंगवून झाली, की ते सुताराला पुन्हा शिडी आणायला लावत. लग्नपत्रिका आधी पंतोजींना दाखवायची आणि मग देवापुढे ठेवायची, असा गावाचा रिवाज होता. देव काही बोलत नसे. पंतोजी बोलत.

हे गाव पूर्वी खाली नदीकाठी होतं. एका पावसाळ्यात नदीने पात्र बदललं आणि जुनं गाव पोटात घेतलं. माणसं वाचली, गुरं वाचली, टेकडीवर नवी घरं उभी राहिली. जुनं गाव आता फक्त म्हाताऱ्यांच्या डोक्यात उरलं होतं, आणि म्हातारी डोकी हळूहळू कमी होत होती. म्हणून पंतोजींनी ठरवलं, की त्या गावावर एक पुस्तक लिहायचं.

ठरवलं ते ठरवलंच. बोरूंना टोकं काढली, शाई घोटली, कागद कापून रचले, पाट मांडला. मग पाटाची दिशा बदलली. कोणीतरी म्हणालं, लिहायला स्फूर्ती यावी लागते आणि ती पहाटे येते. पंतोजी पहाटे अंघोळ करून बसू लागले. स्फूर्ती आली नाही, पडसं आलं.

"आली का हो ती?" चुलीपाशी बसलेली बायको विचारी.

"कोण?"

"जिच्यासाठी रोज न्हाऊनमाखून बसता ती. मी तुमच्या घरात आले तेव्हा एवढी तयारी नव्हती."

पंतोजी बोरूला पुन्हा टोक काढायला घेत. खरी अडचण त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. जुन्या गावाच्या वेशीवर एक मोठं झाड होतं, तिथून पुस्तक सुरू करायचं होतं. पण ते झाड वडाचं की पिंपळाचं, हेच त्यांना आठवत नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि आपलं पहिलंच वाक्य चुकलं तर?

त्यांनी आडून आडून लोकांना विचारून पाहिलं.

"होतं की झाड," तेलीण म्हणाली. "झाडासारखं झाड. त्यात काय लिहायचं, पंतोजी?"

बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "कुठली वेस?"

पंतोजींनी तो विषय तिथेच सोडला. कारण अलीकडे तिचं विसरणं वाढत चाललं होतं. भाजीत मीठ दोनदा पडे. तेलिणीला ती तिच्या सासूच्या नावाने हाक मारी. आणि एक दिवस दिवेलागणीला पंतोजी घरी आले, तर बायको बोचकं बांधून दारात उभी.

"कुठे निघालीस?"

"घरी. परक्यांकडे किती दिवस राहायचं?"

"अगं, हेच आपलं घर."

"हे?" तिने आत वाकून पाहिलं. "मग आपलं गाव कसं होतं ते सांगा बघू."

पंतोजी वेशीपासून सांगायला लागले आणि झाडापाशीच अडले. बायको उंबऱ्यावर बसली. "तुमचं ते पुस्तक झालं असतं, तर वाचून तरी दाखवलं असतंत," ती म्हणाली. "सगळं धुकं धुकं झालंय हो मला."

त्या संध्याकाळी पंतोजींनी पहाटेची वाट पाहिली नाही, पाटाची दिशा पाहिली नाही. समोरचा कागद ओढला आणि खात्री नसलेलं वाक्य आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. मग घसा खाकरून वाचलं, "जुन्या गावाच्या वेशीवर एक मोठा वड होता."

"वड?" बायकोने मान वर केली. "काहीतरीच काय! नांदरुक होता तो. मला बघायला आलात तेव्हा त्याच्याच पारावर बसला होतात आणि कावळ्याने तुमच्या पगडीवर—"

"ते नाही लिहायचं."

"का? खरं आहे ते!"

पंतोजींनी मुकाट्याने वड खोडला, नांदरुक लिहिला, आणि एक सुस्कारा टाकून कावळाही लिहिला. मग हळूच विचारलं, "पाराशेजारी काय होतं गं?"

तिचा चेहरा पुन्हा कोरा झाला. "कोण जाणे."

पंतोजींनी थोडा विचार केला आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, "पाराशेजारी कुंभाराचं घर होतं."

"कुंभार कुठला मेला तिथे! लोहार होता. त्याच्या ठोक्यांनी माझी दुपारची झोप मोडायची."

विचारलं की तिला आठवत नव्हतं. चुकलं की आठवत होतं. त्या दिवसापासून पंतोजी रोज चुकू लागले. सुरुवातीला जड गेलं, पण अंगची कला नसली तरी माणूस सवयीने शिकतो.

पुढे मात्र नदीचा घाट आला, चावडी आली, जत्रा आली. तिथे कितीही चुकलं तरी तिला आठवेना. आता एकच वाट होती, नव्या गावच्या चावडीवर सगळ्यांसमोर वाचायचं. ज्यांच्या चुका आपण काढल्या, त्या सगळ्यांसमोर! पंतोजी चावडीच्या पायरीवरून एकदा माघारी फिरले. मग त्यांना दारातलं ते बोचकं आठवलं आणि ते वर चढले.

पहिलं पान अर्धं झालं नसेल, सुतार उठला. "थांबा! घाट दगडी? घाट लाकडी होता, माझ्या आज्याने बांधलेला. पंतोजी, तुम्ही चुकलात!"

शेवटचे दोन शब्द त्याने पुन्हा एकदा म्हटले, निव्वळ चवीसाठी.

बातमी घरोघर गेली. दुसऱ्या दिवशी चावडीवर उभं राहायला जागा नव्हती. मदतीला या म्हटलं असतं तर दोघं आले असते, तेही पान खाऊन गेले असते. चुका काढायच्या म्हटल्यावर अंथरुणाला खिळलेले उठून आले. झाडासारखं झाड म्हणणारी तेलीण जत्रेतल्या पाळण्याच्या रंगावरून गुरवाशी कडाकडा भांडली. पंतोजींनी दोन्ही रंग लिहिले.

असं करत पुस्तक झालं. पंतोजी ते रोज बायकोला वाचून दाखवू लागले. तोवर धुकं आणखी दाट झालं होतं. कधी ती नुसती ऐके, कधी म्हणे, "चांगलं लिहिलंय कोणीतरी."

एकदा ती मध्येच म्हणाली, "यात एक चुकलंय."

"काय?"

"ही पंतोजींची बायको. अगदी गरीब, खाली मान घालून राहणारी दाखवलीय. तशी नव्हती ती. चांगली फटकळ होती."

"तुला काय ठाऊक?"

"मला नाही तर कोणाला?" ती ताठ बसली. "मी होते ती!"

पंतोजींनी चूक कबूल केली आणि तिच्यासमोर ते पान सुधारलं. ती चूक त्यांनी मुद्दाम केली होती का, हे मात्र त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही.

तात्पर्य, ज्यांना ते वेगळं सांगावं लागतं त्यांच्यासाठी: बिनचूक वाक्याची वाट पाहत बसू नये. चुकेल तसं लिहावं आणि आपल्या माणसाला वाचून दाखवावं. कोऱ्या कागदावर कोणी हरकत घेत नाही.