सत्काराच्या कलशातलं ताक

एकदा एक म्हातारा शास्त्रज्ञ आपल्याच शिष्याच्या सत्काराला गेला आणि भर मांडवात त्याला कळकलेलं ताक पाजून आला. गोष्ट म्हणाल तर एवढीच. पण एवढ्यावर उठून घरी गेलात, तर म्हातारा आगाऊ होता इतकंच हाताला लागेल. म्हणून बसा जरा.

हा म्हातारा मेंदूचा शास्त्रज्ञ. पोटात गेलेलं अंगात नीट जिरलं नाही, निचरा झाला नाही, की ते साचून मेंदूत काय उच्छाद मांडतं, हे बघण्यात त्याचा जन्म गेला. शिष्य त्याच्या हाताखाली उंदरांना तांबं चारायचा. तांबं मेंदूत साठलं की ज्या प्राणवायूवर जीव जगतो, तोच उलटतो आणि पेशी पोखरायला लागतो, लोखंडाला गंज पोखरतो तसा. त्याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे, उच्चारताना कवळी पडते. आपण गंजच म्हणू. तर शिष्य त्या गंजात डॉक्टर झाला. सुई टोचायचा नव्हे, नावापुढं लावायचा.

पण गावाला काय, डॉक्टर तो डॉक्टर. सरपंचांनी देवळापुढं मांडव घातला. शाल आली, नारळ आला, तांब्याचा नवाकोरा कलश आला, कलशावर शिष्याचं नाव कोरलेलं. प्रमुख पाहुणा म्हणून म्हाताऱ्याला बोलावणं गेलं.

म्हातारा सकाळीच शिष्याच्या घरी उतरला. शिष्याचा थोरला भाऊ भागवत पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आला. हात असा लटलट कापत होता की अर्धं पाणी पाहुण्याच्या पायांवर. भागवत काहीतरी बोलला, पण शब्द तोंडातच लडबडले आणि हनुवटीवर लाळ आली.

"सर, राहू द्या," शिष्य घाईनं मधे पडला. "आमचा दादा जरा... घेतो."

हा भागवत एकेकाळी गावाचा शिंपी. त्याच्या शिवणावर धाकट्याचं शिक्षण झालं. पुढं सुईत दोरा ओवेना, मापं चुकायला लागली, दुकान गेलं, ठरलेलं लग्न मोडलं. गावानं निदान केलं, दारू. तो न पिताच बेवडा झाला. शिष्य सुट्टीला यायचा तेव्हा गाव त्याला म्हणायचं, "तुझ्यासारख्या हिऱ्याच्या घरात हे कसलं निघालं?" आणि शिष्य मान खाली घालायचा. हिरा म्हटलेलं खोडून काढावं, असं कुणाला वाटतं?

म्हाताऱ्यानं भागवतची हनुवटी धरली, तोंड दाराच्या उन्हाकडं फिरवलं आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहिला. मग हात पुसून शिष्याच्या आईला म्हणाला, "ताई, ताक आहे का घरात?"

"हाय की. पेला भरू?"

"आत्ता नको. मांडवात घेऊन या."

निघताना शिष्यानं भावाला बाजूला घेतलं. "दादा, तू गोठ्यात बस. आज तरी मांडवात येऊ नको." भागवत गेला. सवय होती त्याला.

मांडवात शाल झाली, नारळ झाला, कलश हातात पडला. धाकटी बहीण वैजू पाहुण्यांना चहा देत फिरत होती. म्हाताऱ्यानं कलश मागून घेतला, मांडीवर ठेवला आणि त्यात ताक ओतायला लागला. आईचा जीव कासावीस झाला. ती वाकून कुजबुजली, "अवो, त्यात नगा ओतू. कल्हई न्हाई त्याला. कळकल ना ताक."

"म्हणून तर ओततोय. तुम्ही गप बसा आणि गंमत बघा."

मग भाषणं सुरू झाली. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, हेडमास्तर तर बोलतच राहिले. आपल्याकडं भाषणं सुरू झाली म्हणजे ताक कळकायला उसंत कमी पडत नाही. ऊन डोक्यावर आल्यावर म्हाताऱ्याची पाळी आली. तो उठला, कलशातलं ताक पेल्यात ओतलं आणि शिष्यापुढं धरलं. "मी बोलणार नाही. हे पी, मोठा घोट घे."

गुरूनं दिलेलं, गावासमोर. शिष्यानं डोळे मिटून घोट घेतला आणि पुढच्याच क्षणी नव्या शालीवर थुंकला. शालीवर हिरवट डाग. पोरंसोरं फिदीफिदी हसली, मग मोठेही हसले.

सरपंच म्हणाले, "सर, ही कसली रीत?"

"रीत नाही, खोडी आहे," म्हातारा म्हणाला आणि खाली बसला.

शिष्याच्या कानशिलांत रक्त चढलं होतं. मांडव मोडल्यावर त्यानं गुरूला घरामागं गोठ्यापाशी गाठलं. भागवत तिथंच गव्हाणीला टेकून बसला होता, पण त्याच्यासमोर बोलायला शिष्याला कधी संकोच वाटला नव्हता.

"सर, माझं काय चुकलं होतं? आईसमोर, सगळ्या गावासमोर माझं हसं केलंत."

"ताक वाईट होतं का?"

"नाही. आईच्या हातचं होतं."

"आणि कलश?"

"चोख तांब्याचा."

"मग थुंकलास कशाला?"

"आतून कल्हई नव्हती, सर. ताक आणि तांबं एकमेकांना लागलं."

"तेच. शरीराला तांबं चिमूटभर लागतं. जास्तीचं यकृत बाहेर काढून टाकतं. ती आपली कल्हई. काहींना ती जन्मापासूनच नसते. मग तांबं साठतं, मेंदूत चढतं, आणि पुढचं तू पदवीसाठी लिहिलंस. लहानपणी ह्याला कावीळ झाली होती का रे?"

"झाली होती. दोनदा."

"ह्याच्या बुबुळाभोवती पिंगट कडं आहे. दारातल्या उन्हात मला दिसलं. तू उंदराच्या मेंदूची कांद्याच्या पातीहून पातळ चकती काढून भिंगाखाली बघतोस. भावाचे डोळे बघायला भिंगही लागत नव्हतं. उंदराचे पंजे कापायला लागले तेव्हा तू काय म्हणालास? उंदीर प्यायलाय म्हणालास?"

शिष्यानं घराकडं मान वळवली. ओट्यावर तांब्याचा हंडा दिसत होता. पहिल्या पगारातून त्यानंच आणलेला, आरोग्याला चांगला म्हणून. दादाचे हात कापायला लागल्यापासून आई त्यातलं पाणी त्याला जरा जास्तच पाजायची.

म्हाताऱ्यानं त्याची नजर ओळखली. "हंड्यानं रोग दिला नाही. रोग जन्माचा. पण भरलेल्या घागरीत तुम्ही ओतत होतात."

"मला सकाळीच सांगायचं होतंत, सर."

"सांगितलं असतं, तर तू मला दारूवर व्याख्यान दिलं असतंस. तोंड कडू झाल्याशिवाय तू ऐकणारा नाहीस."

"आता बरा होईल?"

"आधी तपासणी होऊ दे. तांबं उपसायची औषधं आहेत. पण गंजून गेलं ते गेलं. सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही." म्हातारा थांबला. "चहा देत होती ती बहीण ना तुझी? तिलाही ने, तूही तपासून घे. एकाच आईबापाची आहे. तिचा हात स्थिर आहे म्हणून निर्धास्त राहू नको. हात कापायला लागला की उशीर झालेला असतो."

दुसऱ्या दिवशी शिष्य दोघांना शहरात घेऊन गेला. म्हाताऱ्याचं खरं निघालं. शिष्य सुटला, पण वैजूच्याही अंगात तांबं साठत होतं. तिला जन्मभराच्या गोळ्या लागल्या, पण हात कापायच्या आत लागल्या, आणि तो कधी कापला नाही. भागवतचा कंप थोडा उतरला. बोलणं लडबडतच राहिलं. सुईत दोरा ओवला गेला नाही. शिष्यानं गावाला सांगितलं की दादा कधी प्यायलाच नव्हता. गाव म्हणालं, "अरेरे." आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बेवडाच म्हणायला लागलं. जिभेला वळण पडलं होतं, त्याला गोळी नाही.

एकदा भावाला जेवू घालताना, त्याची हनुवटी पुसताना शिष्यानं विचारलं, "दादा, माझा राग येतो?"

भागवतनं पुष्कळ वेळ शब्द गोळा केले. "म्हाताऱ्यानं... तोंड धरलं माझं. उजेडाकडं." मग दम घेतला. "तू... कदी न्हाई."

शिष्यानं पुढचा घास केला.

कलश अजून फळीवर आहे, आतून हिरवा. तो घासायचा नाही, असं शिष्यानं आईला सांगून ठेवलंय.

ताक ओतायच्या आधी बाया भांडं उजेडाकडं तिरपं धरतात, आत कल्हई आहे का बघतात. घरच्या माणसाचं तोंड आपण तसं शेवटचं कधी धरलं होतं, ते ज्याचं त्यानं आठवावं.