दुसरी हाक

"पण काहीच का उमटत नाही, तात्या?"

शाल्मलीने चटका बसावा तसं कीबोर्डवरचं बोट मागे घेतलं.

पडदा पासवर्ड मागत होता. तिने पहिलं अक्षर दाबलं… अक्षर नाही, ठिपका नाही, साधी चांदणीसुद्धा नाही. पांढरी रेघ तेवढी जागच्या जागी लुकलुकत राहिली.



नदीकाठच्या दत्ताच्या मठात तात्या एकटे राहत. चाळीस वर्षं पोरांना वायरिंग शिकवून निवृत्त झालेला हा माणूस. लोक जुने, दमलेले संगणक घेऊन यायचे आणि तात्या त्यांच्यावर लिनक्स ही खुली प्रणाली बसवून घ्यायचे. बसवून द्यायचे नाहीत, घ्यायचे. ज्याचा संगणक त्यानेच कीबोर्डाशी बसायचं, तात्यांचे दोन्ही हात घोंगडीच्या आत. कितीही रडा, ते हात बाहेर येत नसत.

सकाळी बाजाराला निघालेल्या बायकांबरोबर शाल्मली होडीतून आली, ती घरचा संगणक जुन्या चादरीत बांधून, तान्ह्या पोरासारखा छातीशी धरून. नवी प्रणाली नव्या डिस्कवर बसली होती. आता जुनी डिस्क तेवढी उघडायची होती.

त्या डिस्कवर तिची तीन वर्षं होती. कुंभारवाड्यांतल्या म्हाताऱ्यांकडून टिपलेले दोन हजारांवर शब्द. सांगणाऱ्यांपैकी तिघीजणी आता नव्हत्या. दुसरीकडे कुठेच त्या शब्दांची प्रत नव्हती… प्रत काढताना काही बिघडेल, या भीतीने तिने ती काढलीच नव्हती.

"कीबोर्ड मेला वाटतं."

तात्या घोंगडीतच बसून राहिले.

"तात्या, निदान बघा तरी!"

"बघतोय की."

तिने पुन्हा सुरुवात केली. या वेळी प्रत्येक अक्षर दोनदोनदा दाबलं, न जाणो एखादं पोचलं नसेल तर. एंटर.

पासवर्ड चुकला.

मग तसंच दोनदोनदा, पण आणखी जोरात. चुकला. तिसऱ्या खेपेला तर संगणकाने विचारणंच बंद केलं.

शाल्मलीने कीबोर्ड दूर सारला.

"गेलं… सगळं गेलं असणार. म्हणूनच आत घेत नाही."

"कोण म्हणालं?"

"मग मी लिहिते ते दाखवायला काय होतं याला? तुम्हीच सांगत होतात ना, या प्रणालीत झाकलेलं काही नाही, आतली ओळन् ओळ कुणालाही वाचता येते. आणि मी दाबलेलं अक्षर मलाच दिसू नये?"

"दिसून काय करशील?"

"पोचलं एवढं तरी कळेल!"

तात्यांनी घोंगडी सारखी केली. बाहेर वारा सुटला होता.

तिने तारा उपसल्या. चादर पसरली, संगणक गाठोड्यात घातला, तो उचलून तरातरा घाटावर गेली. पलीकडे गावात संगणकाची दुकानं काय कमी होती? तिथली मुलं निदान हात तरी लावतील.

होडी पलीकडच्या काठाला होती. होडीत सिद्राम भोई.

"ओ मामाऽऽ!"

काही उत्तर नाही.

"ओ मामाऽऽ, इकडे या!"

होडी अलीकडे यायला निघालीच होती. ती मध्यावर थबकली, वळली आणि परत जाऊ लागली.

शाल्मली घाबरली. तिने तिसरी हाक मारली. होडी पुन्हा अलीकडे वळली. तिने लगेच चौथी मारली. होडी पुन्हा पलीकडे.

"पोरी, सिद्रामला भोवळ आणतेस काय?"

तात्या पायरीवर येऊन बसले होते.

"ते असं का करतात? मी बोलावतेय ना!"

"तू बोलावतेस आणि नको म्हणतेस. बोलावतेस आणि नको म्हणतेस. या घाटाची रीत आहे. पहिली हाक म्हणजे ये. दुसरी म्हणजे राहू दे."

"आणि ऐकलं की नाही ते कसं कळायचं?"

"होडी आली की."

"पण त्याआधी?"

तात्यांनी हनुवटीने पलीकडची होडी दाखवली.

शाल्मलीने एकच हाक मारली.

पाणी, वारा… होडी हलली की नाही तेही कळेना. दुसरी हाक घशापर्यंत आली होती, ती तिने आवंढ्याबरोबर गिळली. मग, केव्हा कोण जाणे, होडीचं टोक मोठं दिसायला लागलं.

सिद्राम काठाला लागला. घामाघूम.

"ताईसाहेब, चार येळा नदी निम्मी केली म्या. आता तरी बसा!"

शाल्मलीने गाठोड्याकडे पाहिलं, मठाकडे पाहिलं.

"मामा… माफ करा. मला यायचं नाही."

"आँ?"

ती गाठोडं घेऊन मठाकडे धावत सुटली. मागे सिद्राम तात्यांना विचारत होता, "डोकं जाग्यावर हाय न्हवं पोरीचं?" आणि तात्या त्याला म्हणत होते, "यायला लागलंय. तू वर ये, चहा टाकतो."

तिने तारा जोडल्या. संगणक नव्याने सुरू होताच पडद्याने पासवर्ड मागितला. तिने एकेक अक्षर एकेकदाच दाबलं. पडदा कोरा. एंटर दाबून तिने दोन्ही हात ओढणीत लपवले.

काही झालं नाही.

काही झालं नाही…

आणि मग यादी उलगडली. माती मळण्याचे शब्द. चाकाचे. मडकी भाजायच्या आव्याचे. त्या तिघींतल्या ताराक्कांनी मरणाच्या आठवडाभर आधी सांगितलेले, कच्च्या मडक्याला तडा जातानाच्या आवाजाचे अकरा शब्दसुद्धा. सगळे जागच्या जागी.

"तात्याऽऽ! आहेत! सगळे आहेत!"

मागच्या खोलीतून काही आवाज आला नाही.

पुन्हा हाक मारायला तिने तोंड उघडलं… आणि मिटलं. तशीच बसून राहिली. बाहेर सिद्राम खोकला. दाराबाहेर वाऱ्याने पिंपळाची पानं सळसळली. तिला आतून हसू येत होतं.

बऱ्याच वेळाने तात्या दारात आले. एका हातात सांडशी, दुसऱ्या हातात कप.

"ऐकलं होतं गं. दूध उतू चाललं होतं."