शेवंताकाकूची म्हैस आणि सावळवाडीची भिंत

"यंदाही जत्रेच्या सामन्यात तिच्या भावांनी हरवलं, तर पहिली दिवाळी असो की शेवटची, सूनबाईला माहेरी धाडायचं नाही!"

थोरले दीर यशवंतराव ओसरीवर आपल्या व्हॉलीबॉलच्या संघाला सांगत होते. आत चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या नव्या सुनेचा, शेवंताचा, हात थांबला.

ही फार वर्षांपूर्वीची, वाघझरीत वीजही आली नव्हती तेव्हाची गोष्ट. शेवंताचं माहेर नदीपलीकडची सावळवाडी. तिचे भाऊ केरबा आणि तातोबा नेटपाशी हात वर करून उडाले की पलीकडचा सूर्य दिसत नसे, असं म्हणतात. वाघझरीचे गडी जीव खाऊन स्मॅश मारायचे, आणि चेंडू त्या हातांवर आपटून त्यांच्याच नाकावर यायचा. गावात सरळ नाकाचा गडी उरला नव्हता.

ह्यावरचा उपाय शेवंताला ठाऊक होता. पण थोरल्या दिरांशी सुनेनं बोलायची रीत नव्हती. मग सराव सुरू झाला की ती म्हैस घेऊन मैदानाकडेला यायची आणि तिलाच खडसवायची, "अगं चंद्रे, भिंतीला कशाला धडका देतेस? आधी नुसती रेक! ते दोघं लहानपणापासून आवाज झाला की उडतात. पाय टेकले की मग मार!"

यशवंतराव गंभीरपणे म्हणाले, "म्हैस शहाणी दिसते. ऐका रे तिचं."

जत्रेपर्यंत सगळा संघ रेकायला शिकला.

सामन्यात वाघझरीकर असे रेकले की कळसावरची कबुतरं तिसऱ्या गावाला गेली. केरबा-तातोबा उडाले ते इतके उंच, की खाली येईस्तोवर लोकांचा चहा पिऊन झाला, असं म्हणतात. चेंडू समजूतदार, तो हवेत थांबून राहिला. दोघांचे पाय टेकले, तेव्हा यशवंतरावांनी सावकाश मारला.

तातोबा कडेला बघून ओरडला, "आक्के, तूच सांगितलंस ना ह्यांना?"

शेवंता म्हशीच्या आड झाली.

वाघझरीचे गडी अजूनही मारण्याआधी शेवंताकाकूच्या नावानं एकदा रेकतात. आणि नव्या सुनांचा माहेरी जायचा दिवस तिथे सामन्याच्या आधीच ठरतो, हरजितीवर कुणी टांगत नाही. कारण त्या संध्याकाळी संघ पेढे खात बसला असताना यशवंतराव दारातल्या म्हशीला म्हणाले, "चंद्रे, विचार तिला, काय हवं?" तेव्हा शेवंता पदर सावरून उंबऱ्यात आली आणि पहिल्यांदाच थेट त्यांच्याशी बोलली, असं म्हणतात.

"दिवाळीला माहेरी जाते, भावोजी. कुणी रेकलं तरी उडायचं नाही, हे त्या दोघांना सांगायला नको का?"