आप्पासाहेबांची बाजू

तळ्याकाठच्या त्या राज्यात रोज काही ना काही घडत असे, आणि जे घडले ते बहुतेकांना दोन दिवसांनी, भलत्याच कोणाकडून आणि चुकीचे कळत असे. पश्चिमेच्या काठावर पाणी आटले, तर पूर्वेच्या काठावर पूर आल्याची बातमी पोचे. एका पाणकोंबडीने तर स्वतःच्याच मरणाची खबर ऐकून दुपारभर शोक केला होता.

अशा तळ्यावर एक तरुण बगळी परत आली. तिचा जन्म तिथलाच, पण तीन हिवाळे तिने उत्तरेकडच्या एका दूरच्या सरोवरावर काढले होते. तिथे खबर सांगण्याचे रीतसर शिक्षण मिळत असे. सूर्य वर येईपर्यंत तिथल्या प्रत्येक पक्ष्याला काल खरोखर काय झाले ते ठाऊक झालेले असे. आपल्या तळ्यावरही हे व्हायलाच हवे, या ध्यासाने तिला तिकडे झोप लागेनाशी झाली होती. आल्या आल्या तिने उंबराखाली शाळा उघडली.

विद्यार्थी तीन मिळाले. सुतारपक्षी झाडाच्या सालीवर चोचीने खबर कोरून ठेवी. येणारे-जाणारे थांबून वाचत. काळा कोतवाल पक्षी उंच फांदीवरून ती ओरडून सांगे. त्याला कोणाचाही आवाज हुबेहूब काढता येई. तिसरी नाचरी. पंख्यासारख्या शेपटीची, इवलीशी, पण जे पाहिले ते अंगाने जसेच्या तसे करून दाखवणारी. सगळ्यात जास्त गर्दी तिच्याकडे होई.

"मी सकाळपासून टोचतोय," सुतार कुरकुरे, "आणि हिनं दोन गिरक्या घेतल्या की सगळे तिकडं!"

"मग तूही घे की गिरकी," नाचरी म्हणे. "झाडावरून पडलास तर ती खबर मी फुकट दाखवीन."

बगळी हसू दाबून शिकवत राही. जे स्वतः पाहिले नाही ते पाहिले म्हणायचे नाही. स्वतःचे मत मिसळायचे नाही. आणि प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात. दोन्ही सारख्या लांबीच्या हव्यात. हा शेवटचा नियम तिला प्राणाहून प्रिय होता. सालीवरच्या ओळी ती आपल्या लांब चोचीने मोजून पाही. कोणाची बाजू नखभर जास्त भरली, तर ती खरवडून पुन्हा कोरायला लावी. मासे धरायच्या एका दगडावरून खंड्या आणि पाणकावळ्याचे जुने भांडण होते. शाळेने दोघांचेही म्हणणे सारख्याच ओळींत कोरले, तेव्हा ते दोघे प्रथमच एकमेकांचे वाचायला शेजारी उभे राहिले. बगळीला वाटले, आपण परत आलो त्याचे सार्थक झाले.

त्याच सुमारास टिटव्यांची अंडी नाहीशी होऊ लागली. टिटव्या मुरमाच्या उघड्या पट्टीवर अंडी घालत, आणि त्या पट्टीच्या टोकाला एक वारूळ होते. वारुळात एक नाग राहत असे. सगळे त्याला आप्पासाहेब म्हणत. चार घरटी रिकामी झाली. पाचव्यात एकच अंडे उरले.

एका सकाळी नाचरी धापा टाकत शाळेत आली.

"बाई, मी पाहिलं. आप्पासाहेबच आहेत. पहाटे बाहेर आले, जबडा एवढा उघडला, आणि अंडं सरळ आत!" तिने ते करूनही दाखवले.

"बास कर," कोतवाल मागे सरकत म्हणाला. "माझी न्याहारी व्हायचीय अजून."

"बाई, आत्ताच सांगू या. उद्या पहाटे ते शेवटच्या अंड्यासाठी येणार. सगळ्यांना कळलं, सगळे मिळून टोचायला आले, तर वारूळ सोडून जातील ते."

बगळीने मान वर केली. "त्यांना विचारलंस?"

"कोणाला?"

"आप्पासाहेबांना. त्यांची बाजू काय आहे?"

नाचरी हसली. "बाई, त्यांची बाजू त्यांच्या पोटात आहे."

सुतारही हसला. बगळी मात्र हसली नाही. ज्याचे नाव घ्यायचे त्याला न विचारता घेतले, तर ती खबर नव्हे, चहाडी होते, असे तिने शांतपणे समजावले. दूरच्या सरोवरावर असे एकदाही झाले नव्हते. "विचारून ये," ती म्हणाली, "मग लगेच सांगू."

"बाई, मी जाऊ का हिच्यासोबत?" कोतवालाने विचारले.

"नको. दोघं गेलात तर त्यांना दबाव आणल्यासारखं वाटेल."

नाचरीने मुरमाकडे पाहिले. उन्हात टिटवी अंड्यावर सावली धरून बसली होती. "बरं बाई," ती म्हणाली. "बाहेरूनच विचारू ना?"

"नीट ऐकू येईल इतक्या जवळून विचार," बगळी म्हणाली.

नाचरी उड्या मारत गेली. वारुळाच्या तोंडाशी उभी राहून तिने मान वाकवली आणि काहीतरी विचारले. आतून उत्तर आले असावे, पण फार हळू. ती एक पाऊल आत गेली.

दुपारी आप्पासाहेब स्वतःच शाळेत आले. फार सावकाश आले, कारण त्यांचे अंग मध्येच फुगले होते.

"माझी बाजू हवी आहे असं समजलं," ते म्हणाले. "म्हटलं, मुलांना कशाला हेलपाटे? टिटव्या अंडी उघड्यावर घालतात, याचं मला नेहमीच वाईट वाटत आलं आहे. यात पावसाचा दोष असेल, कोल्ह्याचा असेल. चौकशी झाली पाहिजे. माझा पूर्ण पाठिंबा राहील."

सुतार शिकवल्याप्रमाणे शब्द न् शब्द कोरत होता. नऊ ओळी झाल्या.

"आप्पासाहेब," कोतवालाने मध्येच विचारले, "नाचरी आली होती का तुमच्याकडं?"

"आली होती. गुणी पोर. आत बोलावलं मी तिला."

"मग गेली कुठं?"

"ते तिलाच विचारलेलं बरं."

सुतार आणि कोतवाल दोघेही बगळीकडे पाहू लागले. बगळी त्या फुगवट्याकडे पाहत होती. तिची चोच लांब होती, टोकदार होती, आणि साप जेवून जड झाला होता. तिने नजर काढून सालीवर नेली.

"यांची बाजू झाली," ती म्हणाली. "आता दुसरी."

"नाचरीनं सकाळी दाखवलं ते कोरू?" सुताराने घाईने विचारले.

"ते पक्कं व्हायचं राहिलं होतं."

"मग आत्ता जे समोर दिसतंय ते कोरू?"

आप्पासाहेबांनी डोळे अर्धवट मिटले. "कोरा हो. माझी काही हरकत नाही. फक्त त्यावरही मला विचारा म्हणजे झालं."

बगळीने मजकूर सांगितला, पण इतक्या हळू की सुताराला ऐकू गेला नाही. तिला तो पुन्हा सांगावा लागला.

"नाचरीशी संपर्क होऊ शकला नाही."

सुताराने ते कोरले. बगळीने चोच लावून दोन्ही बाजू मोजल्या, आणि खालच्या आठ ओळींची जागा कोरी सोडायला सांगितली. कोतवाल फांदीवर गेला आणि आप्पासाहेबांच्या आवाजात त्यांच्या नऊ ओळी त्याने तळ्याला ऐकवल्या. नाचरीचाही आवाज त्याला काढता येत होता. तो काढण्यासाठी त्याने चोच उघडली, खाली बाईंकडे पाहिले, आणि मिटली. नाचरीच्या मोकळ्या जागेभोवती नेहमीची गर्दी जमली, थोडा वेळ थांबली आणि सालीवर दोन्ही बाजू आल्या आहेत असे पाहून पांगली.

आप्पासाहेबांना वारुळात परतायचे होते, पण फुगलेले अंग तेवढे लांब ओढवेना. म्हणून ते उंबराच्या सावलीत, शाळेतच आडवे झाले. दुसऱ्या दिवशी दोन नवीन पिल्ले शिकायला आली. बगळीने पिल्लांना आप्पासाहेबांपासून जरा बाजूला बसवले आणि त्यांची झोप मोडू नये म्हणून पहिला धडा अगदी हळू आवाजात सुरू केला.