कस्तुरीबाईंचा त्याग

“आक्का, राग मुळापासून जायला काय करावं?”

रुद्राक्का सुपातली ज्वारी निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“कुणाचा राग?”

“माझा.”

“कुणावरचा?”

कस्तुरी बिराजदार सुपातले खडे वेचू लागली.

सोलापूरच्या बाहेर, ओढ्याकाठी रुद्राक्कांचा लहानसा मठ होता. दगडी खोली, पुढं कडुलिंब, मागं चूल. येईल त्याला भाकरी मिळायची. उपदेश क्वचित मिळायचा.

कस्तुरी टॉवेलच्या कारखान्यात रंगमास्तर होती. चाळिशी ओलांडलेली. रंगखात्यात मास्तर झालेली पहिली बाई तीच, आणि हे ती कधी विसरत नसे. आज ती पांढरी साडी नेसून आली होती. मठात कायमची राहायला.

“इरण्णा माझ्या हाताखाली शिकला,” ती अखेर बोलली. “आता तोही मास्तर आहे. तेच काम, त्याच पाळ्या. पण पगार त्याला माझ्या दीडपट. त्यानंच सांगितलं मला. मान खाली घालून सांगितलं.”

“मग?”

“मालकांकडे गेले. ते म्हणाले, बाई, त्याला घर चालवायचंय.”

“मग?”

“परत आले. पुन्हा शब्द काढला नाही. शिलाईखात्यातल्या बायका म्हणाल्या, तुम्ही बोला, आम्ही मागं उभ्या राहतो. त्यांनाही कमीच मिळतं. एकाच ओळीत, तसल्याच मशीनवर, शेजारच्या गड्यापेक्षा कमी. मी म्हटलं, मला नाही त्या पैशाची आस. सोडून दिलं मी.”

बोलता बोलता तिची पाठ ताठ झाली.

“लोक दागिने सोडतात, घरदार सोडतात. मी हक्काचं सोडलं, आक्का. तेवढा राग उरलाय, तो घालवा. आणि मला दीक्षा द्या.”

रुद्राक्कांनी सूप बाजूला ठेवलं.

“हात बघू.”

कस्तुरीनं हात पुढं केले. नखांच्या कडांना निळा रंग बसलेला होता, कितीही घासला तरी न जाणारा.

“उघड.”

तिनं मुठी उघडल्या.

“काय सोडलंस ते दाखव.”

कस्तुरीनं तळहात उलटेसुलटे केले.

“दाखव की.”

“आक्का, हात रिकामे आहेत.”

“मग सोडलंस काय?”

ओढ्यावर कुणीतरी धुणं आपटत होतं.

“जे हाताला लागलंच नाही, ते सोडलं म्हणतेस,” आक्का म्हणाल्या. “आधी घे. मग सोडायचं का ते बघू.”

कस्तुरीचा चेहरा लाल झाला. “मठात येऊन पैसे मागायला शिकवता?”

“आणि त्या शिलाईखात्यातल्या बायका... त्यांचंही तूच सोडलंस का? त्यांना विचारलंस?”

कस्तुरी उठली. नमस्कार नाही, निरोप नाही. पायात चपला सरकवून ती कारखान्याच्या वाटेला लागली.

आक्कांनी पुन्हा सूप ओढलं.

कारखान्याच्या फाटकापर्यंत कस्तुरीचा संताप उतरला नव्हता. फाटकाशी महानंदा कोळी भेटली. शिलाईखात्यातली, तोंडानं फटकळ. तिनं पांढऱ्या साडीकडे पाहिलं आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला.

“बाई, तुम्ही काम सोडणार म्हणे... मग आम्ही कुणाच्या मागं उभं राहायचं?”

कस्तुरीनं पदर खोचला. ती रंगखात्याकडे वळली नाही. तशीच मालकांच्या खोलीत गेली.

“मालक, इरण्णाला माझ्यापेक्षा जास्त का?”

“सांगितलं होतं की, कस्तुरीबाई. त्याला घर चालवायचंय.”

“इरण्णाचं अजून लग्न व्हायचंय. त्याच्या वडलांना पेन्शन आहे. माझ्या घरी आई आहे, अंथरुणाला खिळलेला भाऊ आहे, भावाची पोरं आहेत. कमावती मी एकटी. घर बघून पगार ठरत असेल तर मला त्याच्यापेक्षा जास्त द्या.”

मालक हसले. “असं कुठं असतं होय? पगार कामाचा असतो.”

“मग कामाचा द्या.”

मालकांचं हसू तिथंच थांबलं.

इरण्णा तिला आत जाताना बघून मागोमाग आला होता. तो दारातूनच म्हणाला, “खरं आहे, मालक. काम एकच आहे.”

मालकांनी त्याला बाहेर काढलं. दार लावलं. आवाज खाली आणला.

“ठीक आहे. या महिन्यापासून तुम्हाला त्याच्याएवढा. पण ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये.”

हेच तर तिला हवं होतं. भावाचं औषध, पोरांची शाळा, सगळं एका ‘हो’वर आलं होतं...

खोलीच्या काचेतून शिलाईखातं दिसत होतं. मशीनवर वाकलेल्या पाठी. त्यात एक महानंदाची.

“एकटीला नको, मालक.”

“मग कुणालाच नाही.”

“मग आम्ही बाहेर बसतो.”

आणि त्या बसल्या. फाटकासमोर, भर उन्हात. आधी थोड्याजणी, मग शिलाईखातं रिकामं झालं. महानंदाचा नवरा ओरडत आला, “घरी चल, पोरं उपाशी आहेत.” महानंदा जागची हलली नाही. “डब्यात पीठ आहे,” ती म्हणाली, “आणि तुला हात आहेत.” बायका खदखदून हसल्या. तो चरफडत गेला, पण संध्याकाळी पोरांना जेवू घालूनच झोपवलं त्यानं.

दुसऱ्या दिवशी इरण्णा येऊन त्यांच्यात बसला. गड्यांनी त्याला हिणवलं, “बांगड्या भर आता.” त्याचे कान लाल झाले. पण तो उठला नाही. मग हळूहळू त्या गड्यांतलेही काही सावली सोडून उन्हात आले.

रंगखात्यातल्या टाक्या थंड पडल्या. परदेशी जायचा माल अडला. मालकांचे निरोप येऊ लागले. फक्त जुन्या बायकांना देतो. फक्त रंगखात्यात देतो. निम्मा फरक भरून काढतो. प्रत्येक निरोपाला कस्तुरीचं एकच उत्तर होतं.

“सगळ्यांना. सारखा.”

घरी रोज पातळ आमटी होत होती. भाऊ पडल्या पडल्या म्हणायचा, “ताई, माघार घेऊ नको हं.” ती त्याच्याकडे पाठ करून रडून घ्यायची आणि सकाळी पुन्हा सगळ्यांच्या आधी फाटकावर असायची.

अखेर एका दुपारी मालक स्वतः चालत फाटकावर आले. छत्री नाही, खुर्ची नाही. घाम पुसत उभे राहिले.

“एका कामाला एकच पगार,” ते पुटपुटले. “बाई असो, पुरुष असो.”

कस्तुरी उभी राहिली. “मालक, मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही.”

मालकांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्या सगळ्यांकडे. आणि या वेळी ते चांगलं मोठ्यानं बोलले.

महानंदानं अशी आरोळी ठोकली की कडेच्या बाभळीवरची पाखरं उडाली. कुठूनशी हलगी आली. बायका पदर खोचून नाचायला लागल्या. कस्तुरीला त्यांनी मध्ये ओढलं. रंगखात्यात जिला कुणी हसताना फारसं पाहिलं नव्हतं, ती रंगमास्तरीण दोन्ही हात वर करून नाचली.

नवा पगार हातात पडला त्या दिवशी सगळ्याजणी टेम्पो करून मठावर आल्या. अख्ख्या रस्त्यानं गाणी. आक्कांनी चुलीवर मोठं पातेलं चढवलं होतं. गव्हाची खीर रटरटत होती.

कस्तुरी भडक हिरवी साडी नेसली होती. तिनं आक्कांच्या पायावर डोकं ठेवलं.

“आक्का, त्या दिवशी मी फार ताठ्यात बोलले.”

“अजूनही ताठच आहेस,” आक्का म्हणाल्या. “पण आता शोभतंय. पत्रावळी मांड.”

कस्तुरी हसत हसत पत्रावळी मांडायला लागली. पंगत बसली. महानंदा वाढायला पुढं झाली.

इरण्णा सगळ्यांच्या मागं, कडुलिंबाखाली उभा होता. हातात आजच्या पगारातून घेतलेल्या पेढ्यांचा पुडा. पुढं येऊन त्यानं तो आक्कांसमोर ठेवला.

“आक्का, एक विचारू?”

“विचार.”

“पगार ह्यांचा वाढला. माझा होता तेवढाच आहे. उलट थोडे दिवस बुडालेच. मग मला का असं वाटतंय, जिंकलो ते मीच म्हणून?”

आक्कांनी पुड्यातला एक पेढा उचलला. डोळे मिटून, सावकाश खाल्ला.

“गोड आहे रे,” त्या म्हणाल्या. “गडी म्हणून मिळालेलं त्यात काही नाही, सगळाच्या सगळा तुझ्या कमाईचा, असा हा पहिलाच.”