पोमेंडकरांची जळू

“…मग दगडावर माझं नाव कोरलं, तर तुमचं बिघडतं काय?”

विचारणारे दाजीसाहेब पोमेंडकर. डोंगरावरची देवराई सातबाऱ्यावर त्यांच्या नावाची. ती लोकांसाठी कायमची राखून ठेवतो, कुऱ्हाड लावणार नाही, असा कागद ते करून आले होते. साक्षीला राई राखणाऱ्या अवजीबुवांचा अंगठा हवा होता.

कागदात शेवटी एक ओळ होती. राईच्या तोंडाशी सहा फुटी दगड उभा करावा, त्यावर दानशूर दाजीसाहेबांचं नाव असावं.

बुवा चुलीत काडी सारत राहिले.

राईच्या दारात बुवांची खोप. हाताच्या अंतरावर वाळक्या लाकडांचा खच. पण राईतली काडीसुद्धा बाहेर आणायची नाही, हा बापजाद्यांचा नेम. म्हणून बुवांचं सरपण खालच्या वाडीतून यायचं. आणायचो मी. गुरू करावा तर चुलीला गॅस असलेला करावा, हे शहाणपण मला फार उशिरा आलं.

“बुवा, बोला काहीतरी. नाहीतर लाकडाचा ठेकेदार आहेच. परवा येतोय तो.”

राई गेली की झरा गेला. झऱ्यावर तीन वाड्यांच्या घागरी.

बुवांनी विचारलं, “राई कुणाची?”

“माझी.”

“मग आत जा. तुझं जे असेल ते घेऊन ये. आधी बघू, मग देऊ.”

“राईतलं बाहेर आणत नाहीत, बुवा. मला शिकवता?”

“राईतलं नको रे. तुझं आण.”

दाजीसाहेब हसले. “सातबारा दाखवू?”

“तो ठेव इथं. भिजेल.”

श्रावणातली सर नुकतीच येऊन गेली होती. दाजीसाहेबांनी वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि मला विचारलं, “वाट कुठली रे बरी?”

मी ओढ्याकडची दाखवली. जळवा त्या बाजूला जास्त.

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

अर्ध्या तासाने दाजीसाहेब परतले. हात रिकामे.

“काय आणलंस?”

“गारंबीची वेल बघितली. माझ्या मांडीएवढी. लहानपणी झोके घेतलेत तिच्यावर.”

“तू लावलीस?”

“छे.”

“आजाने?”

“आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणीही ती एवढीच होती…”

“बरं. मग तुझं काय?”

शिवेच्या धोंड्याशी उभं राहून दाजीसाहेबांनी नेमाप्रमाणे कपडे झाडले. राईतलं पानही अंगाला चिकटून बाहेर जायला नको. धोतर झटकलं, पाय झाडले… आणि तिथेच थिजले.

पोटरीवर जळू. टम्म फुगलेली, करवंदासारखी.

“अरे, मीठ आण. मीठ आण आधी.”

मी पुरचुंडी घेऊन धावलो. एवढ्या चपळाईने सरपण कधी आणलं नसेल.

बुवांनी पुरचुंडीवर हात ठेवला.

“जळू कुणाची, दाजी?”

“राईचीच की. ओढा तिला, बुवा.”

“आणि पोटात आहे ते?”

दाजीसाहेब जळवेकडे बघत राहिले. जळू पीत राहिली. तिला दोघांचीही घाई नव्हती.

“…ते माझं.”

“म्हणजे सापडलं,” बुवा म्हणाले.

मग बुवांनी नखाने हलकेच तिचं तोंड सोडवलं. अळवाच्या पानावर ठेवली आणि पान दाजीसाहेबांच्या हातात दिलं. पोटरीवरून रक्ताची धार निघाली होती. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

“जा. देऊन ये.”

ज्या माणसापुढे पाच गावं वाकायची, तो माणूस दोन्ही हातांत जळू घेऊन, वाकून, ठेच लागू नये म्हणून जपत राईत शिरला. मला हसू आवरेना. मग एकाएकी ते आपोआप आवरलं. का, कुणास ठाऊक.

या खेपेला बराच वेळ लागला.

दाजीसाहेब आले तेव्हा मिशा ओल्या होत्या.

“ठेवली ओढ्याकाठी,” ते म्हणाले. “मग झऱ्याचं पाणी प्यायलो. …बुवा, आमचा धाकटा विषमज्वरात होता ना, तेव्हा एकवीस दिवस याच पाण्याच्या घड्या ठेवल्या होत्या कपाळावर. बायको रोज चढून यायची. उठलं पोर.”

“हं.”

“विसरलोच होतो मी.”

त्यांनी मागे वळून राईला हात जोडले. आम्हाला वाटलं, झालं. पण हात जोडलेलेच राहिले. शेजारी बुवांनीही जोडले. मग एकट्याने उभं राहणं बरं दिसेना म्हणून मीही जोडले.

तेव्हा लाजेने जोडले होते. आता रोज सकाळी मनापासून जोडतो. नातीची शाळेची बाटली अजून त्याच झऱ्यावर भरते, आणि दाजीसाहेबांच्या नावाने पहिली ओंजळ मी राईलाच टाकतो.

दाजीसाहेबांनी खिशातून पेन काढलं. कागदावरची शेवटची ओळ खोडली. दोनदा खोडली, वाचता येऊ नये म्हणून.

बुवांनी चुलीच्या काजळीत अंगठा बुडवून उमटवला.

पुरचुंडी अजून माझ्या मुठीतच होती. घामाने मीठ पाझरायला लागलं होतं.

जाता जाता दाजीसाहेब थबकले.

“पण बुवा… दगड तर आणून टाकलाय. पाथरवट उद्या येऊन बसेल. त्याला काय कोरायला सांगू?”

बुवांनी राईकडे पाहिलं. मग माझ्या मुठीकडे पाहिलं.

“सांग त्याला, कोर… मीठ घेऊन आत जाऊ नये.”